वासराची गोष्ट

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने एकदा शब्दकोशात ‘फसवणूक’चा अर्थ पाहिला. प्रतिस्पर्ध्याला नसलेला फायदा आपण मिळवणे, असा काहीसा अर्थ निघाला. फायदा तर सगळेच घेत होते, मग फसवणूक कसली? जानेवारी २०१३ मध्ये टीव्ही मुलाखतकार ओप्रा विन्फ्रीला त्यानेच हे सांगितले. तोवर १९९९ ते २००५ ची ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीची सात विजेतेपदे डोपिंगमुळे, म्हणजे बंदी असलेली औषधे घेतल्यामुळे, त्याच्या नावावरून पुसली गेली होती.

तो घेई त्यात मुख्य ईपीओ. हे संप्रेरक आपल्याही मूत्रपिंडात तयार होते आणि अस्थिमज्जेकडून तांबड्या पेशी वाढवून घेते. वरून टोचले की रक्त जास्त प्राणवायू वाहते, दाटही होते. त्याच्या लेखी मात्र ते टायरमधल्या हवेइतके, बाटलीतल्या पाण्याइतके साधे.

मन आपल्याच नीतीला अशी रजा कशी देते, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी उलगडले. कृत्याला सौम्य नाव द्यायचे, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलायची, इतरांकडे बोट दाखवायचे. आपल्याकडे हे एका म्हणीत मावते: त्याने गाय मारली म्हणून मी वासरू मारले. पदकाची हाव असतेच, पण मला त्याहून बलवान वाटते ती मागे पडण्याची भीती.

पण गाय खरेच किती जणांनी मारलेली असते? २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगू येथील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत संशोधकांनी एक युक्ती केली. खेळाडूने मनात कुणाचा तरी वाढदिवस धरायचा. तो महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत येत असेल तर वाढदिवसाबद्दलच्याच निरुपद्रवी प्रश्नाला हो-नाही म्हणायचे. नसेल तर ‘गेल्या वर्षभरात जाणूनबुजून डोपिंग केले का?’ याला. ‘हो’ कोणत्या प्रश्नाचे, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. त्यामुळे माणूस खरे बोलायला धजावतो आणि एकूण प्रमाण गणिताने काढता येते. ते निघाले सुमारे ४४ टक्के. त्याच स्पर्धेतल्या चाचण्यांत सापडले होते अर्धा टक्का!

हा आकडा वाचून एखाद्या तरुण धावपटूला काय वाटेल, याची मला जरा धास्तीच वाटते. ‘सगळेच करतात’ ही समजूत जितकी पक्की, तितका मोह मोठा. गंमत म्हणजे ४४ टक्के हा अंदाज धरला तरी निम्म्याहून अधिक खेळाडू त्यात नव्हते.

२०१५ मध्ये बीबीसीने आर्मस्ट्राँगला विचारले, पुन्हा करशील? आज नाही, तो म्हणाला, कारण आता गरज नाही. पण १९९५ मध्ये परत नेऊन सोडले, तर बहुधा करीन.