रोप उचलून नेणं की कलम बांधणं? सर्व्हर क्लाउडवर नेण्याच्या दोन रीती

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तेव्हापासून दर पावसाळ्याच्या तोंडावर मला एक वाक्य ऐकू येतं: "यंदा तो सर्व्हर क्लाउडवर टाकून मोकळे होऊया." क्लाउड म्हणजे अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्टसारख्यांच्या डेटा सेंटरमधले, इथे मुंबईतले, भाड्याचे कॉम्प्युटर. चिपळूण ते रत्नागिरी पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एकाच सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) विकत घेतलं आणि एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स मिळण्याची सोय बंद केली, तेव्हापासून ही विचारणा आणखी वाढली आहे.

पण 'क्लाउडवर टाकणं' या दोन शब्दांत दोन निराळी कामं लपलेली असतात. एकाला रीहोस्ट किंवा लिफ्ट अँड शिफ्ट म्हणतात, दुसऱ्याला रीप्लॅटफॉर्म. कोटेशनवर दोन्हींसाठी 'क्लाउड मायग्रेशन' एवढंच लिहिलेलं असतं. मालक मनात एक धरतो, मिळतं दुसरंच, आणि सहा महिन्यांनी भांडण होतं.

बागायतदाराला मी असं सांगतो. वाढलेलं रोप मुळाभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट काढून दुसऱ्या जागी लावलं, तर तो रीहोस्ट. रायवळच्या कोयीतून उगवलेल्या रोपावर हापूसची काडी बांधली, तर तो रीप्लॅटफॉर्म. फळ हापूसचंच येतं, पण जमिनीतलं मूळ दुसऱ्याचं असतं.

एका काजू कारखान्याचं उदाहरण घेतो. ऑफिसमागच्या खोलीत एक सर्व्हर, त्यावर तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले तीन कॉम्प्युटर. पहिल्यावर बिलिंग आणि साठ्याचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर त्याच्या नोंदी ठेवणारा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस, तिसरं वजनकाट्याला आणि लेबल प्रिंटरला जोडलेलं.

रीहोस्टमध्ये मशीनची डिस्क जशीच्या तशी क्लाउडवर उतरते. अॅमेझॉनची अॅप्लिकेशन मायग्रेशन सर्व्हिस किंवा मायक्रोसॉफ्टचं अझूर मायग्रेट हे काम करतं. आधी सगळी डिस्क एकदा कॉपी होते, मग रोजचा बदललेला भाग तेवढा मागून जात राहतो. कारखाना या काळात चालूच असतो. मधे एकदा तिकडची प्रत चाचणीपुरती उघडून बघायची, आणि ठरलेल्या रात्री इकडचं बंद करून तिकडचं सुरू करायचं. कामकाज थांबतं ते त्या रात्रीपुरतं. पहिली कॉपी मात्र वेळ खाते. दोन टीबी डेटा ५० एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायला, ती लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी, जवळजवळ ८९ तास लागतात. दिवसा त्याच लाइनवर ऑफिस चालतं आणि महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडणं आपल्याकडे नवीन नाही. म्हणून मी पंधरा दिवस हाताशी ठेवतो.

आता गड्ड्याबरोबर काय काय जातं ते बघा. मातीत हुमणी असेल तर तीही नव्या बागेत पोचते. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला; मशीन मुंबईला नेलं म्हणून ते नवं होत नाही. भरत आलेली सी ड्राइव्ह, सगळ्यांना ठाऊक असलेला अॅडमिन पासवर्ड, कधीच न तपासलेला बॅकअप, सगळं सोबत जातं. आणि ज्यावर सर्वांत जास्त गैरसमज असतो ते हे: पॅच (सुरक्षेच्या दुरुस्त्या) टाकणं आणि बॅकअप ठेवणं रीहोस्टनंतरही तुमच्याच गळ्यात राहतं. क्लाउड कंपनी वीज, हार्डवेअर आणि इमारत सांभाळते. तुमच्या विंडोजच्या आत ती हात घालत नाही.

बिलाचाही धक्का इथेच बसतो. स्वतःच्या सर्व्हरवर प्रोसेसरचे आठ कोअर रिकामे होते म्हणून कुणीतरी ते एकाच मशीनला देऊन टाकलेले असतात. क्लाउडवर त्या आठही कोअरना मीटर लागतं, वापर दहा टक्के असला तरी. म्हणून नेण्याआधी निदान महिनाभराचा खरा वापर मोजायचा आणि त्या मापाचं मशीन घ्यायचं. अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आणखी एक खाच आहे. विंडोजच्या आतून शटडाउन केलं तर मशीन बंद दिसतं, पण भाडं चालू राहतं. पोर्टलवरून बंद करून डीअॅलोकेट केलं, म्हणजे घेतलेली जागा सोडली, तरच ते थांबतं, आणि डिस्कचं भाडं तेव्हाही लागतंच.

कलमाची गोष्ट वेगळी. रीप्लॅटफॉर्ममध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर तेच राहतं, पण त्याखालचा डेटाबेस स्वतःच्या मशीनवर न ठेवता अॅमेझॉन आरडीएस किंवा अझूर एसक्यूएलसारख्या सेवेत जातो. पॅच त्यांचे, रोजचा बॅकअप त्यांचा. आरडीएसमध्ये आपोआप होणारे बॅकअप ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतात आणि त्यातल्या हव्या त्या वेळेला परत जाता येतं. कुणी दुपारी सव्वातीनला चुकून साठ्याचं टेबल पुसलं, तर तीन वाजून चौदा मिनिटांची प्रत वेगळी उभी करता येते. ज्यांनी सबंध रात्र बॅकअपची टेप शोधण्यात घालवली आहे त्यांना याची किंमत कळेल.

बदल्यात किल्ल्या द्याव्या लागतात. आरडीएसवर सिसअॅडमिनचा, म्हणजे डेटाबेसवरचा सर्वोच्च, अधिकार मिळत नाही, डेटाबेसमधून विंडोजच्या कमांड चालवणारं एक्सपी-सीएमडीशेल चालत नाही. अझूर एसक्यूएल डेटाबेसमध्ये ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा एसक्यूएल एजंटच नाही. तो हवा तर मॅनेज्ड इन्स्टन्स हा वेगळा प्रकार घ्यावा लागतो, आणि तो महाग पडतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रात्रीचा हिशेब एजंटच्या जॉबवर चालत असतो, कुठे डेटाबेसमधून थेट फाइल लिहिली जाते, कुठे सर्व्हरचं नाव कोडमध्येच कोरलेलं असतं. हे सगळं शोधून बदलावं लागतं आणि त्यासाठी सॉफ्टवेअर देणारा माणूस फोन उचलणारा असावा लागतो. तो नसेल तर मी कलमाच्या वाटेला जात नाही. असेल तर निदान एक महिन्याची बिलं जुन्या आणि नव्या दोन्हींवर चालवून साठ्याची बेरीज रुपया-किलोसकट जुळवून घेतो. काडी धरली की नाही हे कळायला तेवढा काळ द्यावाच लागतो.

एक चूक मी वारंवार पाहिली आहे: कलमाच्या उत्साहात डेटाबेस मुंबईला आणि सॉफ्टवेअर कारखान्यातच. ऑफिसच्या नेटवर्कवर एका प्रश्नाचं उत्तर मिलिसेकंदाच्या आत येतं. मुंबईला जाऊन यायला २० मिलिसेकंद धरा. बिलाचा एक स्क्रीन उघडताना सॉफ्टवेअर पाचशे वेळा डेटाबेसला विचारत असेल, तर तो स्क्रीन दहा सेकंदांनी उघडेल. म्हणून रीत कोणतीही असो, ही दोघं एकत्रच हलवायची.

समोरच्या कोटेशनमध्ये नक्की काय आहे हे ओळखायला मी एक प्रश्न विचारतो. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. डेटाबेसवर ते कोण टाकणार? "तुम्ही किंवा तुमचा माणूस" असं उत्तर आलं तर तो रीहोस्ट. "सेवा आपोआप टाकते" आलं तर रीप्लॅटफॉर्म. उत्तर देणारा अडखळला तर सही करू नका.

त्या काजू कारखान्याला मी दोन्ही रीती सांगितल्या, पण वेगवेगळ्या वेळी. फेब्रुवारी ते मे काजू बीच्या खरेदीची धांदल, तेव्हा कशालाच हात लावायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत पहिली दोन मशीन जशीच्या तशी नेली, जेणेकरून पुढच्या पावसात ती पाण्यापासून लांब असतील. त्यातलं २०१२ आर२ वरचं मशीन अझूरवर गेल्यामुळे त्याला ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा पॅच वेगळे पैसे न देता मिळतात. तेवढी सवड डेटाबेसचं कलम करायला पुरेशी होती. ते काम पावसात घेतलं, खरेदी थंडावलेली असताना. बागेतली कोयकलमंही पावसातच होतात.

नेट गेलं तर दोन्ही रीती सारख्याच लंगड्या पडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे विजेबरोबर मोबाइलही गेला होता. म्हणून दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या वाटेने येणारी लाइन घेतली आणि एका लॅपटॉपवर डिलिव्हरी चलन छापण्याची साधी सोय ठेवली.

तिसरं मशीन हललंच नाही. त्याच्या लायसन्सचं डोंगल यूएसबीत खोचलेलं, आणि काटा कारखान्यातच राहणार. ते जमिनीपासून सहा फुटांवर भिंतीला लावलेल्या रॅकवर चढवलं, नवा यूपीएस दिला, आणि त्याचा रोजचा बॅकअप तेवढा मुंबईला जातो.