तळहातातून जाणारे म्युऑन

तळहात आडवा धरला, तर साधारणपणे दर सेकंदाला एखादा म्युऑन त्यातून आरपार निघून जातो. हा सूक्ष्म कण म्हणजे वैश्विक किरणांची आपल्यापर्यंत पोहोचलेली खूण होय.

‘किरण’ हे नाव तसे फसवे आहे, कारण अवकाशातून येतात ते प्रकाशासारखे किरण नसून कण असतात. त्यांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन, तर बाकीच्यांत मुख्यतः हेलियमची अणुकेंद्रे असतात. हवेत सतत होणारे सूक्ष्म आयनीभवन, म्हणजे हवेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटून त्यांना विद्युतभार येणे, जमिनीतील किरणोत्सारी खनिजांमुळे होते, असा पूर्वी समज होता. तो खरा असता, तर उंचावर गेल्यावर आयनीभवन घटायला हवे होते. ७ ऑगस्ट १९१२ रोजी ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस बलूनमधून ५,००० मीटरहून अधिक उंचीवर गेले, तेव्हा आयनीभवन उलट जमिनीवरच्या सुमारे दुप्पट भरले; म्हणजे ते घडवणारे किरण वरून, अवकाशातून येत होते. त्याच वर्षी एप्रिलमधील सूर्यग्रहणाच्या वेळीही त्यांनी उड्डाण केले होते; सूर्य झाकला गेला तरी मोजमाप घटले नव्हते, त्यामुळे या किरणांचा मुख्य उगम सूर्य नव्हे, हेही उमगले.

असा एखादा प्रोटॉन हवेतील अणुकेंद्रावर आदळला की पायॉन नावाचे अल्पायुषी कण निर्माण होतात आणि त्यांच्या ऱ्हासातून, बहुधा १५ किलोमीटरच्या आसपास, म्युऑन जन्मतात. म्युऑनचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद असते. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम ६६० मीटर अंतर कापले जाईल. मग तो तळहातापर्यंत येतो कसा? प्रकाशवेगाच्या अगदी जवळ धावणाऱ्या म्युऑनचा काळ आपल्या दृष्टीने संथ चालतो, म्हणून. सापेक्षतेचा इतका रोजचा आणि इतका जवळचा पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही.

वैश्विक किरणांतले हे कण नेमके कुठून येतात, हे शोधणे मात्र फार अवघड आहे. त्यांच्यावर विद्युतभार असल्याने आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रे त्यांची वाट पुन्हा पुन्हा वळवतात आणि ते ज्या दिशेने येतात, तिकडे त्यांचा उगम असेलच असे नाही. बऱ्याच कणांना स्फोट पावलेल्या ताऱ्यांभोवतीच्या आघात-लहरींतून गती मिळते, असे मानले जाते. परंतु १९९१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात नोंदल्या गेलेल्या एका कणाची ऊर्जा सुमारे ५० ज्यूल होती. पाच किलोची वस्तू एक मीटर उंचीवरून पडताना मिळवते तेवढी ही ऊर्जा, एकट्या कणात! इतक्या ऊर्जेच्या कणाची वाट फारशी वळत नाही, म्हणून तो आला त्या दिशेला आकाश धुंडाळले गेले; पण त्याला एवढी गती देऊ शकेल असे काहीही तिथे खात्रीने सापडले नाही.