कागद-घडी यंत्र : नेहमीचे बिघाड व उपाय

छापील कागदाला ठरावीक मापाच्या घड्या घालणारे, बहुधा टेबलावर मावणारे विजेवरचे यंत्र. नाशिकच्या छापखान्यांत आणि कार्यालयांत त्याला सरसकट ‘फोल्डिंग मशीन’ म्हणतात. शहरातल्या पतसंस्था, गृहनिर्माण संस्था आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांची कार्यालये ते मुख्यतः पत्रे आणि नोटिसा पाकिटात भरण्यासाठी वापरतात.

यंत्राची चाल समजली की निम्मे बिघाड आपोआप उलगडतात. फिरता रबरी रोलर गठ्ठ्यातला एक ताव ओढतो आणि सेपरेटर पॅड दुसऱ्या तावाला मागे धरून ठेवते. ओढलेला ताव एका चपट्या प्लेटमध्ये शिरतो व आतल्या आडव्या पट्टीला, म्हणजे स्टॉपला, टेकतो. पुढे जायला जागा नसल्याने तो मागच्या बाजूला फुगतो आणि तो फुगवटा दोन रोलरांच्या चिमटीत सापडला की घडी पडते. दुसऱ्या प्लेटमध्ये हेच पुन्हा घडते. ए-४ कागदाची लांबी २९७ मिमी. पत्राच्या तीन भागांपैकी आत जाणारा भाग ९७ आणि बाकीचे दोन १०० मिमीचे ठेवावेत. तिन्ही भाग अगदी सारखे ठेवले तर आतली कड घडीत अडकून मुडपते. अशी घडी ११० मिमी उंचीच्या लांबट पाकिटात सहज बसते.

नाशिकमध्ये या यंत्रावर सर्वांत जास्त ताण नेमका पावसाळ्यात येतो. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि सभेची नोटीस सभासदांना किमान १४ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे गोदावरीचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढते त्याच दिवसांत हजारो नोटिसांच्या घड्या पडत असतात. कागद हवेतली ओल पितो, त्याच्या कडांना लाटा येतात, ताव लुळा पडतो आणि स्टॉपला टेकताच भलतीकडेच वाकतो. अशा वेळी मेकॅनिकला बोलावण्याची घाई होते. खरे तर आधी कागदाकडे पाहावे. रीमचे वेष्टन लागेल तेव्हाच फोडावे. जुन्या वाड्यांतल्या कार्यालयांत गठ्ठे भिंतीला किंवा फरशीला टेकवून न ठेवता लाकडी फळीवर ठेवावेत. कागदाला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. थंडीत तक्रार उलट असते. हवा कोरडी झाली की स्थिर विजेमुळे ताव एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन ओढले जातात.

एका वेळी दोन ताव जाणे ही सर्वाधिक आढळणारी तक्रार. गठ्ठा दोन्ही हातांत धरून, वाकवून, कडांमधून हवा खेळवावी आणि मग टेबलावर ठोकून सरळ करावा. बऱ्याचदा एवढ्याने भागते. कटिंग मशीनचे ब्लेड बोथट असले तर कापलेल्या कडा एकमेकींत रुतून बसतात, तिथे हवा देण्याला पर्याय नाही. तरीही दोन ताव जात असतील तर पॅडची फट कमी करावी. पॅडवर खोल चर पडला असेल तर ते बदलावे.

याच्या उलट, कागद ओढलाच जात नसेल तर ओढणाऱ्या रोलरवर बोट फिरवून पाहावे. रबर काचेसारखे गुळगुळीत लागले आणि बोटाला पांढरी भुकटी आली, तर ती कागदाची धूळ असते. प्लग काढावा, सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे आणि रोलर हाताने फिरवत पुसावा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये, त्याने रबर फुगते आणि मऊ पडते. नुकत्याच छापलेल्या गरम लेझर प्रिंट लगेच घालू नयेत. टोनर रोलरवर बसतो आणि पुढच्या प्रत्येक पत्रावर डाग उमटतो. प्रिंटरमधून कागद वळून आला असेल तर गठ्ठा उलटा ठेवून पाहावा.

तिरक्या घडीचे निदान करण्यात खरे कसब आहे आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. एक ताव घडी घालून घ्यावा, पूर्ण उलगडावा आणि स्टीलच्या पट्टीने दोन्ही कडांना प्रत्येक भाग मोजावा. दोन्ही घड्या एकाच बाजूला, सारख्याच तिरक्या असतील तर ताव आत शिरतानाच वाकडा जातो आहे. बाजूचे गाइड कागदाला नीट लागलेले नाहीत किंवा रोलर एका अंगाने झिजला आहे. एकच घडी तिरकी असेल तर त्या प्लेटचा स्टॉप तिरपा बसला आहे. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात चुकल्या असतील तर पहिली प्लेट आधी जुळवावी, कारण पहिल्या घडीतली चूक दुसरीत उतरते. एका वेळी एकच स्क्रू फिरवावा आणि प्रत्येक वेळी नवा ताव घालून मोजावे.

कागद अडकला तर तो आतून फाडून ओढू नये. हँडव्हील असेल तर ते फिरवून, नसेल तर प्लेट काढून अख्खा ताव बाहेर घ्यावा. स्क्रूड्रायव्हर खुपसून तुकडा काढण्याची सवय फार महागात पडते, कारण रबरावर पडलेली खाच भरून येत नाही. आत काहीच नसताना यंत्र ‘जाम’ दाखवत राहिले तर सेन्सरवर धूळ बसलेली असते, ती मऊ ब्रशने झाडावी. पिन मारलेले कागद या यंत्रांत घालू नयेत.

जाड कागदाचे गणित वेगळे आहे. लग्नपत्रिकेसाठी किंवा माहितीपत्रकासाठी घेतलेल्या आर्ट पेपरवर घडीत पांढरी भेग दिसते. त्याचे कारण कागदाच्या तंतूंची दिशा, म्हणजे ग्रेन. ताव दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. जो बाक तो निमूटपणे घेतो, त्या बाकाच्या रेषेला समांतर त्याचा ग्रेन. घडी ग्रेनला समांतर यावी, हे छपाईआधीच ठरवावे लागते. साधारण १७० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) पुढे आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच, करून घ्यावे.

नोटिसांचा हंगाम संपून यंत्र महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर गठ्ठा काढून ठेवावा, सेपरेटरचा दाब सैल करावा आणि यंत्रावर कापड घालावे. दाबून राहिलेले रबर त्या जागी चपटे होते आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पहिल्याच दिवशी कागद अडखळत जाऊ लागतो.