एका सहीची गोष्ट: स्कॉटलंडमधल्या फ्री प्रेसबिटेरियन चर्चची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमध्ये फ्री चर्चच्या लोकांना चेष्टेनं ‘वी फ्रीज’ म्हणतात. ‘वी’ म्हणजे चिमुकले. त्यांच्याहून लहान आणि त्यांच्याहून कर्मठ अशा फ्री प्रेसबिटेरियन चर्चच्या वाट्याला मग ‘वी वी फ्रीज’ हे नाव आलं. चेष्टा बाजूला ठेवली, तर या मंडळीचा सगळा इतिहास एका सहीभोवती फिरतो.

प्रेसबिटेरियन पद्धतीत बिशप नसतो. पाळक आणि मंडळीतले वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ सभासद, मिळून कारभार पाहतात. त्यांच्यावर प्रेसबिटरी, म्हणजे परिसरातल्या मंडळ्यांची सभा, आणि तिच्यावर सिनड किंवा साधारण सभा. पदावर येताना वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारावर, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत मसुद्यावर, सही करावी लागते. हा दस्तऐवज १६४०च्या दशकात लंडनमध्ये तयार झाला आणि १६४७ साली स्कॉटिश चर्चनं स्वीकारला. कोणाचं तारण होणार हे देवानं जगाच्या उत्पत्तीआधीच ठरवलं आहे, आणि माणसाला आपल्या बळावर ते कमावता येत नाही, ही त्यातली कडक बाजू.

पहिली मोठी फूट मात्र सिद्धांतावरून पडली नाही, नेमणुकीवरून पडली. गावचा पाळक कोण असावा हे तिथला जमीनदार ठरवायचा, आणि कोर्टही त्याचीच बाजू घ्यायचं. १८ मे १८४३ रोजी एडिंबरामध्ये स्कॉटिश चर्चच्या साधारण सभेतून पाळक उठून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं. सुमारे १,२०० पाळकांपैकी ४७४ जणांनी राहतं घर आणि पगार दोन्हींवर पाणी सोडलं. जमीनदारही सूड घ्यायला चुकले नाहीत. स्ट्रॉन्शन या गावी चर्चसाठी जागाच मिळेना, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेतलं आणि ते खाडीत नांगरलं. शंभर माणसं आत आली की ते एक इंच पाण्यात बसायचं, असं सांगतात. म्हणजे उपस्थिती मोजायची सोय आपोआपच झाली.

याचा धक्का मुंबईपर्यंत पोचला. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी मिशनरी फ्री चर्चकडे गेले, आणि जुन्या चर्चच्या ताब्यातली शाळा सोडून त्यांना वेगळी शाळा चालवावी लागली. पुढे त्यातूनच विल्सन कॉलेज उभं राहिलं. विल्सन १८७० साली फ्री चर्चच्या साधारण सभेचे अध्यक्षही झाले.

पन्नास वर्षांत त्याच फ्री चर्चमध्ये वारं बदललं. बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेचे विचार शिरले. विल्यम रॉबर्टसन स्मिथ या प्राध्यापकाला १८८१ साली त्यापायी खुर्ची सोडावी लागली, पण विचार काही गेले नाहीत. १८९२ साली प्रिन्सिपल रॉबर्ट रेनी यांच्या पुढाकारानं साधारण सभेनं एक स्पष्टीकरणाचा कायदा केला. धर्मसिद्धांताच्या मूळ गाभ्यात न येणाऱ्या मुद्द्यांवर मतभेद चालतील, असं त्यात म्हटलं होतं. पण गाभा कोणता आणि टरफल कोणतं, हे ठरवायचं चर्चनंच. खरा पेच इथं होता. विश्वासांगीकार तोच राहिला, सहीचा अर्थ तेवढा सैल झाला. माझ्या मते कायद्याच्या विरोधकांचं हे निदान अचूक होतं, त्यांचा धर्मविचार पटो वा न पटो.

मे १८९३च्या सभेत रासे बेटाचे पाळक डोनाल्ड मॅकफार्लन यांनी निषेधपत्र वाचलं आणि ते बाहेर पडले. शील्डेगचे डोनाल्ड मॅकडोनाल्ड त्यांना मिळाले. पाळक फक्त हे दोन. त्याच उन्हाळ्यात रासेवर रासेच्याच एका शाळामास्तरांना, म्हणजे मंडळीतल्या एका वडिलांना, सोबत घेऊन त्यांनी प्रेसबिटरी स्थापन केली. डोंगराळ हायलँड्स आणि बेटांवरच्या, गेलिक ही जुनी भाषा बोलणाऱ्या गावांतून मात्र माणसं मोठ्या संख्येनं त्यांच्यामागे आली. १९०० साली फ्री चर्चचा मोठा भाग युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चशी एकत्र झाला आणि उरलेल्या मूठभरांनी तो कायदा पुढे रद्दही केला. तरी रासेवाले परत गेले नाहीत.

आतलं जग बघायचं तर रविवारी जावं. बाजा नाही, ऑर्गन नाही, माणसानं रचलेली गीतंही नाहीत; फक्त बायबलमधली १५० स्तोत्रं, १६५० सालच्या छंदोबद्ध भाषांतरात. गेलिक उपासनेत एकजण ओळ सांगतो आणि मंडळी ती लांबवत म्हणते; आपल्याकडे भजनात बुवांमागे म्हणतात, त्याची आठवण होते, फक्त टाळ-मृदंग वजा. इंग्रजी उपासनेत बायबल १६११ सालचंच. बायकांचं डोकं झाकलेलं. नाताळ आणि ईस्टर साजरे करत नाहीत, कारण बायबलमध्ये ते पाळायला सांगितलेलं नाही. शब्बाथ, म्हणजे रविवार, कसोशीनं पाळायचा; सार्वजनिक वाहनानं प्रवासही नको. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा, सोहळा गुरुवार ते सोमवार चालतो. शुक्रवारी वयस्क पुरुष उठून खऱ्या विश्वासाच्या खुणा सांगतात. जन्मभर नेमानं येऊनही स्वतःला अपात्र मानून भोजनाला न बसणारे अनेक असतात.

एवढ्या लहान चर्चचं मिशन झिंबाब्वेत आहे. जॉन बोयाना रदासी या आफ्रिकन पाळकानं १९०४ साली बुलावायोजवळ इंगवेन्या इथं ते सुरू केलं.

मग १९८९. रेल्वेतल्या सिग्नलमनचा मुलगा जेम्स मॅके ब्रिटनचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तेव्हाचा न्यायव्यवस्थेचा प्रमुख, झाला होता, आणि तो याच मंडळीतला वडील. दोन दिवंगत न्यायाधीशांच्या अंत्यविधीला तो रोमन कॅथलिक मिस्साला, म्हणजे प्रभुभोजनाच्या कॅथलिक विधीला, हजर राहिला, म्हणून त्याला निलंबित केलं गेलं. सिनडनं निर्णय कायम केला, आणि मॅकेच नव्हे तर मंडळीचा मोठा गट बाहेर पडला. त्यातून असोसिएटेड प्रेसबिटेरियन चर्चेस निघालं. गंमत अशी की दोघांनाही आधार एकाच दस्तऐवजात सापडत होता. विश्वासांगीकाराचं एकोणतिसावं प्रकरण मिस्साला अत्यंत घृणास्पद ठरवतं. विसावं म्हणतं, सदसद्विवेकाचा धनी एकटा देवच.