छताकडे तोंड केलेला फ्लॅश

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई ही देवी घरात बसते. सगळी भाऊबंदकी एका घरात गोळा होते, रात्रभर गाणी चालतात आणि मधोमध नथ-दागिन्यांनी नटवलेलं नारळाचं रूप असतं. मी पहिल्यांदा तिथे कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा फ्लॅश सरळ समोरून मारला. देवीच्या जागी पांढरा डाग उमटला, मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली. शेजारी बसलेल्या एका काकांनी सांगितलं, फ्लॅशचं तोंड वर कर. केलं, तर फोटो जवळजवळ काळाच आला. घर जुनं, धाब्याचं. वर सागाच्या कड्या, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पिढ्यान् पिढ्यांच्या चुलीची काजळी. त्या छताने उजेड गिळून टाकला.

घरातल्या फोटोंसाठी फ्लॅश घ्यायचा तर दुकानात शिरण्याआधी छत बघावं, हे तेव्हापासून डोक्यात बसलं. लोक मात्र ‘किती पॉवरचा घेऊ?’ इथूनच सुरुवात करतात. फ्लॅशच्या खोक्यावर छापलेला जवळजवळ प्रत्येक शब्द कुणाच्या तरी जुन्या अडचणीतून आलेला आहे. त्या अडचणी माहीत असल्या की आपल्याला त्यातलं काय लागतं आणि काय नाही, ते कळतं.

उजेड समोरून न मारता कशावर तरी आपटवून आणायचा, ही युक्ती फ्लॅशच्या आधीची. अजिंठा आजच्या जिल्ह्यांच्या हिशेबाने खान्देशात मोडत नाही, पण तिथली वाट जळगाव-भुसावळवरूनच जाते. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या नकला करत राहिला, पुढे त्याने लेण्यांचे फोटोही काढले. त्याची कबर भुसावळला आहे. त्या लेण्यांच्या तोंडाशी पांढरं कापड किंवा चकचकीत पत्रा धरून माणसं बाहेरचं ऊन आत फेकायची. भिंतीवर पडणारा तो कवडसा म्हणजे आज ज्याला फोटोग्राफर ‘बाऊन्स’ म्हणतात तोच प्रकार. आता लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि ते बरंच आहे.

स्वतःचा उजेड सोबत नेण्याची सोय झाली १८८७ मध्ये. आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून पेटवली. क्षणभर लख्ख उजेड पडायचा, पण आवाज व्हायचा, धूर कोंडायचा आणि हातही भाजायचे. फटाक्याच्या दारूचा सख्खा भाऊच तो! बंद खोलीत दुसरा फोटो काढायचा तर आधी धूर जायची वाट बघावी लागे. १९२९ च्या सुमारास जर्मनीत काचेचा फ्लॅशबल्ब आला. धातूची पातळ वर्खासारखी पत्री प्राणवायूत जळायची, सगळं काचेच्या आत. धूर गेला, पण एका फोटोला एक बल्ब, आणि तो काढताना बोटं पोळायची. एखाद्या गावातल्या लग्नाला किती बल्ब परवडणार?

याच काळातलं खान्देशातलं एक नाव इथे सांगायलाच हवं. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९). रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात त्यांनी स्वतःला जवळजवळ पन्नास वर्षं कोंडून घेतलं आणि तिथेच टेबल-टॉप फोटोग्राफी केली. म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून आख्खा देखावा उभा करायचा. फ्लॅशच्या इतिहासात त्यांची नोंद नाही. पण घरातल्या उजेडाबद्दल कुणी नवखा विचारायला आला, तर मी त्याला आधी चाळीसगावला जाऊन ते फोटो बघून यायला सांगतो. खरेदी नंतर.

आजच्या फ्लॅशचं मूळ अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आहे. हॅरॉल्ड एजर्टनने १९३१ च्या आसपास वायूने भरलेल्या नळीतून विजेचा झटका सोडून फिरती यंत्रं ‘थांबवून’ दाखवली. कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्टचा साठा करायचा आणि तो एका झटक्यात नळीतून मोकळा करायचा. उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो, आणि नळी पुन्हा तयार. ‘रेडी’चा दिवा लागेपर्यंत थांबायची सवय तिथूनच आली.

मग प्रश्न उरला उजेडाच्या मापाचा. फ्लॅश दर वेळी पूर्ण ताकदीने सुटायचा; छायाचित्रकार अंतर मोजून फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, म्हणजे गाईड नंबर, त्या अंतराने भागायचा आणि येईल त्या आकड्याचं ॲपर्चर (लेन्सचं भोक) लावायचा. साठच्या दशकात फ्लॅशच्या पुढ्यातच उजेड मोजणारा डोळा बसवला गेला. समोरून परत आलेला उजेड पुरेसा झाला की फ्लॅश बंद. पण उरलेली वीज वाया जायची. थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच आल्यावर ती कपॅसिटरमध्येच राहू लागली. फ्लॅश लवकर चार्ज होऊ लागला आणि पेन्सिल सेलही जास्त चालू लागले. भारनियमनाच्या गावात हे फार मोठं सुख होतं. सत्तरच्या दशकातला व्हिविटार २८३ हा फ्लॅश याच जातीचा. त्याचं तोंड वर व्हायचं, पण बाजूला वळायचं नाही. म्हणजे वधू-वरांच्या जोडीसाठी कॅमेरा उभा धरला की छताकडे बघणारा फ्लॅश भिंतीकडे बघू लागायचा. म्हणून मी आजही पॉवरच्या आधी फ्लॅशची मान बघतो. वर जाते तशी दोन्ही बाजूंना आणि मागेही वळते का? वळत नसेल तर बाकी गुण सांगू नका.

१९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ या कॅमेऱ्याने फिल्मवरून परतणारा उजेडच मोजायला सुरुवात केली. टीटीएल (‘थ्रू द लेन्स’, लेन्समधून आलेला उजेड मोजणं) ते हेच. डिजिटलमध्ये फिल्मच राहिली नाही, म्हणून आधी एक बारीक चमक सोडून मोजमाप करायची पद्धत रुळली. कॅननने ती ई-टीटीएल नावाने १९९५ मध्येच आणली होती, निकॉनची आय-टीटीएल २००३ ची. मात्र शालूची जर, मुंडावळ्या किंवा कानबाईचे दागिने समोर असले की ही मोजणी हमखास चुकते. चकाकी बघून फ्लॅश हात आखडतो आणि चेहरे काळवंडतात. त्यामुळे जुने लोक मॅन्युअलवर, म्हणजे फ्लॅशची ताकद स्वतः ठरवून, काम करतात, आणि त्यात हट्ट कमी, हिशेब जास्त असतो.

हिशेब करून बघू. खोक्यावर गाईड नंबर ६० लिहिलेला असतो, पण तो बहुतेक वेळा फ्लॅशचा झूम २०० मिलिमीटरवर असतानाचा, उजेड अरुंद झोतात आवळलेला. ३५ मिलिमीटरला तोच फ्लॅश साधारण ३६ वर येतो. दहा फुटी स्लॅबच्या खोलीत उजेड छतावर जाऊन माणसापर्यंत यायला साडेचार मीटरचा प्रवास धरा. ३६ भागिले साडेचार म्हणजे ॲपर्चर एफ ८. पांढऱ्या छतानेही दोनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाल्ले तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, १०० असताना एफ ४, आणि ४०० ला पुन्हा एफ ८. भरपूर झालं. या खोलीसाठी याहून मोठा फ्लॅश घ्यायचं कारण नाही. छत निळं किंवा पोपटी असेल तर मात्र चेहरेही तसेच होतील. मग पांढरी भिंत शोधावी. धाब्याच्या घरात पाठीमागे चादर धरायला कुणाला तरी उभं करावं.

मंगल कार्यालयाचा पत्रा वीस-पंचवीस फुटांवर, आणि मंडपाला तर लाल-पिवळं कापड. तिथे मान कितीही वळवली तरी उपयोग नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर, उजेड पसरवणाऱ्या छत्रीत न्यावा लागतो. कॅननने २०१२ मध्ये ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशमध्ये तो दुरून पेटवणारा रेडिओ आतच बसवला, आणि गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्यांनी तेच फार कमी पैशांत दिलं. रेडिओसाठी पैसे मोजावेत. हायस्पीड सिंक (वेगवान शटरबरोबरही फ्लॅश चालवायची सोय) ऑलिंपसने १९८६ मध्ये आणलं ते मुख्यतः उन्हातल्या कामासाठी; घरात त्यावाचून काही अडत नाही. लिथियमची बॅटरी असेल तर हळदीपासून पाठवणीपर्यंत सेल बदलत बसायची वेळ येत नाही, एवढा तिचा फायदा नक्की.

आणि घरातल्या ट्रंकेत जुना व्हिविटार २८३ सापडला तर लगेच डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्याच्या सुरुवातीच्या काही तुकड्यांत ट्रिगरला, म्हणजे कॅमेऱ्याला टेकणाऱ्या जोडणीला, दोनशेच्या वर व्होल्ट असायचे; तेवढ्याने डिजिटल कॅमेरा बिघडू शकतो. आधी मल्टिमीटर लावून बघा, किंवा तो कॅमेऱ्याऐवजी फ्लॅश पेटवणाऱ्या रेडिओच्या रिसीव्हरवर ठेवा. पण रिसीव्हरही किती व्होल्ट सोसतो ते त्याच्या माहितीपत्रकात वाचूनच.