ॲबसेन्स एपिलेप्सी आणि मेंदूतल्या उत्तेजक पेशी : प्राण्यांवरचे अभ्यास

ॲबसेन्स एपिलेप्सी हा अपस्माराचा असा प्रकार आहे की ज्यात मूल पडत नाही, हातपाय झटकत नाही, तोंडाला फेस येत नाही, फक्त काही सेकंद भान जातं आणि परत येतं. साधारण ४ ते १० वर्षांच्या वयात सुरू होतो, आणि दिवसातून कित्येकदा होऊ शकतो. नाशिककडं कुणाला फीट आली की कांदा फोडून नाकाला लावायची धावपळ अजूनही होते (त्यानं झटका थांबत नाही, लावू नये), इथं तेवढा वेळसुद्धा मिळत नाही. पंचवटीतल्या एखाद्या वर्गात शुद्धलेखन चालू असतं, पेन्सिल थांबते, नजर एका जागी लागते, पापण्या जरा फडफडतात, दहाएक सेकंदांनी मूल पुन्हा लिहायला लागतं पण मधले दोन-तीन शब्द गाळलेले असतात, आणि बाई म्हणतात याचं लक्षच नसतं. दवाखान्यात अशा मुलाला साधारण ३ मिनिटं भिंगरी फुंकायला लावतात. जोरात श्वास घेतल्यानं, औषध सुरू नसलेल्या बहुतेक मुलांना झटका तिथंच येतो आणि ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, सेकंदाला ३ च्या आसपास स्पाइक-वेव्ह (टोक आणि मागोमाग लाट अशा) लहरी उमटतात, ज्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ मध्ये दाखवल्या.

या लहरी सुरू कुठून होतात यावर मात्र जवळजवळ ८० वर्षं वाद चालू आहे. पेनफिल्ड आणि जॅस्पर या मेंदूतज्ज्ञांचा रोख मेंदूच्या मधल्या खोल भागावर होता. १९४० च्या दशकात मांजराच्या थॅलॅमसला (याच खोल भागातलं, संदेश पुढं पाठवणारं केंद्र) सेकंदाला ३ या वेगानं विजेचे झटके दिले तर वर कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरावर, तशाच लहरी येतात हे दिसलं, त्यामुळं त्या मताला जोर आला. पुढं ग्लूर या संशोधकांनी मांजरांना पेनिसिलिनचे मोठे डोस देऊन केलेल्या कामातून असं मांडलं की थॅलॅमसचा वाटा आहेच, पण कॉर्टेक्स आधीच जास्त संवेदनशील झालेला असतो. मग उंदीर आले : फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचे जीएईआरएस आणि नेदरलँड्समधले वॅग-रिज हे दोन वाण, दोन्ही प्रयोगशाळेतल्या विस्टर जातीतून निघालेले, दोन्हींना १९८० च्या दशकापासून जन्मजात ॲबसेन्सचं मॉडेल मानतात. २००२ मध्ये मीरेन आणि सहकाऱ्यांनी वॅग-रिजमध्ये दाखवलं की पहिल्या अर्ध्या सेकंदात पुढाकार कॉर्टेक्सचा असतो, तोही तोंडाभोवतीच्या स्पर्शाचं काम बघणाऱ्या भागाचा, आणि २००७ मध्ये जीएईआरएसमध्ये त्याच सुमाराच्या भागातल्या खोल थरांच्या पिरॅमिडल पेशी आधी पेटताना दिसल्या. आजच्या घडीला हीच बाजू जास्त भक्कम वाटते, पण थॅलॅमसशिवाय लय टिकत नाही हेही तितकंच खरं.

कॉर्टेक्सच्या पिरॅमिडल पेशी आणि थॅलॅमसच्या, संदेश पुढं पाठवणाऱ्या रिले पेशी या दोन्ही ग्लूटामेट हे रसायन सोडून पुढच्या पेशीला चेतवणाऱ्या, म्हणजे उत्तेजक. त्यांच्या मध्ये रेटिक्युलर न्यूक्लियस हा थॅलॅमसचाच पातळ थर, तो दाबणारा, म्हणजे पेशींना शांत करणारा. रिले पेशी दाबल्या गेल्या की त्यांच्यातले टी-टाइप कॅल्शियम चॅनल (कॅल्शियम आत घेणारी दारं) उघडायला सज्ज होतात आणि दाब उठला की पेशी एकदम उसळी मारतात, उंबऱ्याशी अडवून धरलेलं पोर सोडलं की धावतं तसं. इथोसक्सिमाइड हे ॲबसेन्सवरचं औषध थॅलॅमसमध्ये या चॅनलमधून वाहणारा करंट कमी करतं असं १९८९ मध्ये कूल्टर, ह्युजनार्ड आणि प्रिन्स यांनी मांडलं. त्याचा परिणाम कॉर्टेक्सवर किती यावर मतभेद आहेत.

सगळ्यात विचार करायला लावणारं काम २०१८ चं. पेशीतला एक सोडियम चॅनल बनवणाऱ्या एससीएन२ए या जीनच्या दोनपैकी एक प्रत बंद केलेल्या उंदरांना मोठेपणी ॲबसेन्ससारखे झटके येतात, इथोसक्सिमाइडनं ते दबतात. तीच प्रत फक्त कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस (स्मरणाशी संबंधित भाग) यांच्या उत्तेजक पेशींतून काढली तर झटके आणखी ठळक, आणि फक्त दाबणाऱ्या पेशींतून काढली तर दिसतच नाहीत. म्हणजे उत्तेजक पेशींचा सोडियम चॅनल कमी पडला आणि तरी झटका आला! अपस्मार म्हणजे मेंदू जास्त तापला, उत्तेजना वाढली, हे जे आपल्याकडं सर्रास सांगितलं जातं ते ॲबसेन्सला पुरत नाही, हे इथं स्पष्ट होतं. २०१९ मध्ये कॉर्टेक्सकडून स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागातल्या दाबणाऱ्या पेशींकडं जाणारा उत्तेजक संदेश दुबळा पडणं हे एक कारण म्हणून पुढं आलं.

टॉटरिंग, लेथार्जिक, स्टारगेझर या, असेच झटके येणाऱ्या उंदरांच्या जातींतही वेगवेगळे जीन बिघडलेले असतात.

मॉडेलच्या मर्यादा आहेतच. उंदरांच्या लहरी सेकंदाला साधारण ७ ते ११, माणसाच्या ३. धडधाकट समजल्या जाणाऱ्या काही उंदरांतही तशा लहरी दिसतात, म्हणून काही संशोधक त्यांना झटका म्हणायलाच तयार नाहीत. शिवाय उंदरात वयाबरोबर झटके वाढतात, मुलांत बहुतेकदा किशोरवयात थांबतात. तरी औषधांच्या बाबतीत दोघं बरेच जुळतात : इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट उपयोगी, तर कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही औषधं, जी दुसऱ्या प्रकारच्या फीट्सवर चालतात, ती ॲबसेन्स वाढवू शकतात. त्यामुळं घरातल्या दुसऱ्या कुणाची फीटची गोळी मुलाला परस्पर द्यायची नाही.