सगळं काढलंय, मग शेक कशाला?

मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा कागद घरातल्या चौघांनी वाचला आणि चार अर्थ काढले. गाठ १४ मिलिमीटर. कडा स्वच्छ. काखेतल्या ३ ग्रंथी तपासल्या, एकीतही कॅन्सर नाही. ग्रेड २, म्हणजे आक्रमकपणा मधला. ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारा. हर-२ निगेटिव्ह, म्हणजे हर-२ नावाचं प्रथिन वाढलेलं नाही. वय ७१. स्तन ठेवून फक्त गाठ काढलेली. डॉक्टर म्हणाले, "रेडिएशन घ्यायचं की नाही, हे आपण बोलून ठरवू." बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "ठरवू म्हणजे? डॉक्टरलाच माहीत नाही का?" आणि रिक्षात बसता बसता, "सगळं काढलंय म्हणता, मग शेक कशाला?"

रेडिएशनला आपल्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी लाइट. शेक हा शब्द जरा फसवा आहे, कारण त्यात उष्णता नसते. मशीनखाली पडल्यावर काहीच जाणवत नाही. लिनॅक नावाच्या यंत्रातून निघणारे शक्तिशाली क्ष-किरण पेशींच्या डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी पुढच्या खेपेपर्यंत बरीच डागडुजी करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते नीट जमत नाही. म्हणून एकूण डोस एकदम न देता थोडा थोडा देतात. यंत्र बंद झालं की किरण संपले. नातवाला जवळ घेतलं तर चालेल का, हा मावशीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

आता ‘सगळं काढलंय’ याकडे वळू. काढलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला शाई लावतात आणि शाईपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्यात का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पोचल्या नसतील तर कडा स्वच्छ. पण हा दाखला त्या तुकड्याचा. उरलेल्या स्तनात चार पेशी विखुरल्या असतील, तर त्या ना शाईला दिसतात ना स्कॅनला. अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या, तीन उपचारांची तुलना करणाऱ्या चाचणीत १,८५१ स्त्रिया होत्या. २० वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा फक्त गाठ काढलेल्यांपैकी ३९ टक्के जणींच्या त्याच स्तनात कॅन्सर परतला होता. रेडिएशनही घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया मात्र या दोन्ही गटांपेक्षा जास्त जगल्या नव्हत्या.

३९ चा आकडा बघून आमचा मामेभाऊ म्हणाला, "घ्यायलाच पाहिजे." मला उरलेल्या ६१ जणी दिसत होत्या. त्यांनी रेडिएशन घेतलं नव्हतं आणि तरी त्यांच्या स्तनात काही परतलं नव्हतं. या ६१ जणी आधीच ओळखता येतील का? पुढच्या कितीतरी चाचण्या याच प्रश्नाभोवती फिरत राहिल्या.

रेडिएशनचा उपयोग होतो, यावर वाद नाही. ऑक्सफर्डच्या अभ्यासगटाने १७ चाचण्यांमधल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती २०११ मध्ये एकत्र मांडली. १० वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ३५ वरून १९ टक्क्यांवर आलं आणि १५ वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २५ वरून २१ टक्क्यांवर. ‘धोका जवळपास निम्म्यावर’ हे वाक्य इथलं. पण निम्मा कशाचा, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पन्नास टक्के सूट पैठणीवरही असते आणि रुमालावरही.

मावशीसारख्या स्त्रियांसाठी खास चाचणी झाली आहे. प्राइम-२ तिचं नाव, एडिनबरोचे इयन कंकलर तिचे प्रमुख. वय ६५ किंवा अधिक, गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत, काखेत काही नाही, कडा स्वच्छ, संप्रेरकांना प्रतिसाद देणारा कॅन्सर, अशा १,३२६ जणी. १० वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. रेडिएशन न घेतलेल्यांत त्याच स्तनात कॅन्सर परतण्याचं प्रमाण ९.५ टक्के, घेतलेल्यांत ०.९ टक्के. जिवंत असलेल्या दोन्हीकडे सुमारे ८१ टक्के, आणि गेलेल्यांपैकी बहुतेक जणी दुसऱ्याच कारणांनी गेल्या.

मावशीला मी ते असं सांगितलं: एका मंगल कार्यालयात तुझ्यासारख्या शंभर मावश्या बसव. सगळ्यांनी रेडिएशन घेतलं तर दहा वर्षांत एकीला पुन्हा गाठ येईल. कुणीच घेतलं नाही तर नऊ-दहा जणींना. म्हणजे नऊ जणींची गाठ टळली. बाकी नव्वद जणींना घेऊन-न घेऊन फरक पडला नाही. त्या नऊ कोण, हे आज कुणालाच माहीत नाही. ज्यांना गाठ आली त्यांच्यावर पुन्हा उपचार होऊ शकतो. आणि दहा वर्षांनी पंगतीत बसलेल्या मावश्या मोजल्या, तर रेडिएशन घेतलं काय, न घेतलं काय, सारख्याच.

तिने बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "आणि त्या गोळ्या?"

नेमकी खोच तिथेच आहे. त्या चाचणीत निदान ५ वर्षं संप्रेरक-विरोधी गोळी घेणं ठरलेलं होतं. ज्यांच्या कॅन्सरमध्ये ईआरचं प्रमाण कमी होतं, त्यांच्यात रेडिएशनशिवाय परतण्याचं प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास गेलं. गोळी दिसते छोटी, पण अनेकींचे सांधे दुखतात, काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात आणि बऱ्याच जणी ती मध्येच सोडतात. रेडिएशन नको म्हणायचं आणि दोन वर्षांनी गोळीही सोडायची, हा रस्ता मला सगळ्यात वाईट वाटतो, आणि घराघरांत तोच नकळत निवडला जातो.

बाहेरच्या बाकावर परभणीकडची एक बाई भेटली. ४६ वर्षांची, स्तन राखलेला, ग्रेड ३, काखेतल्या दोन ग्रंथींत कॅन्सर. मावशीचं ऐकून ती म्हणाली, "तुम्हाला विचारतात, मला सांगतात." बरोबर होतं तिचं. तिच्या फाइलमध्ये पैठणीवरची सूट होती. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने दशकभर लवकर गाठतो, त्यामुळे आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रिया तिच्या बाजूला बसतात. ‘रेडिएशन आता लागत नाही’ असा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी त्यातलं वय आधी वाचावं.

पूर्ण स्तन काढलेल्यांचा हिशेब वेगळा. काखेत चार किंवा जास्त ग्रंथींत कॅन्सर असेल तर रेडिएशन सहसा देतातच. मधल्या धोक्याच्या १,६०७ स्त्रियांवरच्या सुप्रेमो चाचणीत मात्र १० वर्षांनी जगण्यात फरक दिसला नाही, आणि छातीवर आजार परतण्याचं प्रमाण घेतलेल्यांत १.१ तर न घेतलेल्यांत २.५ टक्के होतं. हे निकाल २०२५ चे आहेत.

दुसरं पारडंही रिकामं नाही. थकवा येतो, कातडी लाल होते, काळवंडते. डाव्या बाजूला हृदय जवळ असतं. हृदयाला मिळणाऱ्या सरासरी डोसच्या दर ग्रेमागे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) हृदयविकाराचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, असं २०१३ मध्ये दिसलं. पण ही वाढ मूळ धोक्यावर मोजायची, तोच पैठणी-रुमालाचा हिशेब. शिवाय हल्ली खोल श्वास घेऊन रोखायला लावतात. फुप्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं, तेवढ्यात किरण देऊन घेतात.

खरा बदल दिवसांत झाला आहे. पूर्वी पाच आठवडे लागायचे, मग तीन झाले. २०२० मध्ये ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने, ४,०९६ रुग्णांवर, ५ दिवसांत २६ ग्रे हे १५ दिवसांच्या ४० ग्रेइतकंच काम करतं असं पाच वर्षांच्या निकालांत दाखवलं. काखेलाही किरण द्यायचे असतील तर अनेक डॉक्टर तीन आठवडेच धरतात. परळला उपचार घ्यायला आलेल्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा शोधणाऱ्या माणसाला पाच आणि पंधरा यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. या मुक्कामाच्या धास्तीने काही जणी पूर्ण स्तनच काढून घेतात. परभणीच्या बाईला घरच्या म्हशींची काळजी होती.

माझं मत, मावशीने गोळ्या घ्याव्यात आणि रेडिएशन सोडावं. तिने ऐकलं नाही. "त्या नऊ जणींत मी आहे का, हे डोक्यात ठेवून दहा वर्षं झोपायचं? पाच दिवस जाऊन येते." गोळीही घेईन म्हणाली. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

आखणीच्या दिवशी सीटी स्कॅन झाला आणि रोज त्याच जागी किरण पडावेत म्हणून छातीवर सुईने तीन ठिपके गोंदले. कपाळावर आणि मनगटावर लहानपणीचं हिरवं गोंदण असलेली मावशी बाहेर आली ती तक्रार करतच. "एवढंच? आमच्या गावची गोंदणारीण बघायला हवी होती."